रात्रीच्या रंगाची चाळीस वर्षे

गाडगेबाबांच्या अंगावरील चिंध्यांचे रंग कोणते होते? एका कानात कवडी आणि दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, हे वर्णन आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. ती काच हिरवी होती की लाल? कॅलेंडरांवर आणि भिंतींवर बाबा रंगीत दिसतात खरे, परंतु ते रंग चित्रकाराच्या मनातले आहेत. त्यांची सर्वपरिचित छायाचित्रे कृष्णधवल आहेत. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ बाबांनी देह ठेवला, तेव्हा रंगीत फिल्म बाजारात येऊन वीस वर्षे लोटली होती. तरीही ज्या रात्रींच्या कीर्तनांनी वऱ्हाड जागवले, त्या रात्री आपल्यापुढे करड्या छटांतच उभ्या राहतात.

दारिद्र्य, आयातीची अडचण, रंगीत फिल्मची किंमत ही कारणे आहेतच. परंतु कोणी धनवंत भक्त उत्तम परदेशी कॅमेरा आणि रंगीत रोल घेऊन कीर्तनाला येऊन बसला असता, तरी त्यालाही ते छायाचित्र बहुधा साधले नसते. ही अडचण पैशाच्या आधी भौतिकशास्त्राची होती. आजच्या धाग्याचा विषय तोच आहे: कमी प्रकाशात रंग टिपणारी वेगवान रंगीत फिल्म कधी आली, किती काळ टिकली, आणि ती बंद पडल्यावर तिची जागा कोणी घेतली.

प्रथम ‘वेगवान’ या शब्दाचा अर्थ पाहू. फिल्मवर जिलेटिनच्या थरात चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म स्फटिक पसरलेले असतात. प्रकाश पडला की त्यांच्यात बदल होतो आणि रसायनांत धुतल्यावर चित्र उमटते. स्फटिक मोठा असला तर त्याच्या वाट्याला प्रकाश अधिक येतो, म्हणून मोठ्या स्फटिकांची फिल्म अंधुक उजेडातही चित्र पकडते. मात्र ते दाणे मग चित्रात दिसू लागतात. ही संवेदनशीलता पूर्वी एएसए आणि पुढे आयएसओ या अंकाने मोजली जाऊ लागली. अंक दुप्पट झाला की प्रकाश निम्मा पुरतो.

१९३५ साली आलेल्या पहिल्या कोडाक्रोमचा वेग आजच्या मापाने सुमारे १० होता. दिवे लावलेल्या मांडवातली बऱ्यापैकी उजेडाची रात्र कल्पा आणि कॅमेऱ्याला एफ २ ची, म्हणजे त्या काळी चांगली समजली जाणारी भिंग लावलेली आहे असे धरा. १० वेगाच्या फिल्मला त्या उजेडात शटर एक सेकंदाहून अधिक उघडे ठेवावे लागेल. १६० वेगाला सेकंदाचा सुमारे तेरावा भाग लागेल, ४०० ला तिसावा आणि १६०० ला सव्वाशेवा भाग पुरेल. एका सेकंदात ढोलकीवाल्याचा हात नुसता धूर होतो. तिसाव्या भागात त्याचा चेहरा स्पष्ट येतो, हात मात्र हललेला दिसतो. सव्वाशेव्या भागात बोटेही वेगळी दिसतात. रात्रीच्या रंगाचा सगळा इतिहास या आकड्यांत आहे.

मग तोवर छायाचित्रकार काय करीत? ते स्वतःचा उजेड सोबत नेत. होमाई व्यारावाला आपल्या अवजड कॅमेऱ्यासह फ्लॅशचे बल्ब बाळगत आणि प्रत्येक बल्ब एकदाच पेटत असे. १४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्रीचे आपल्या मनातील चित्र कृष्णधवल आहे, त्यामागे हेच कारण आहे. फ्लॅशने माणूस दिसतो, परंतु ती रात्र नाहीशी होते. पुढचा चेहरा पांढराफटक, मागे काळी भिंत आणि गॅसबत्तीच्या पिवळ्या उजेडाचा मागमूसही नाही. तुमच्या घरातील जुन्या लग्नाच्या अल्बममध्ये वरातीचे फोटो असतील तर पाहा. वाजंत्री अंधारातून एकाएकी उगवल्यासारखे दिसतील. प्रत्यक्षात त्या वाटेवर डोक्यावर बत्त्या घेतलेल्या माणसांची रांग चालत होती आणि सारा रस्ता त्या उजेडात न्हालेला होता.

चित्रपटांनी दुसरा मार्ग धरला. त्यांनी रात्रच स्टुडिओत आणली. प्रभात फिल्म कंपनीने १९३३ मध्ये ‘सैरंध्री’च्या रंगीत प्रती जर्मनीत तयार करवून घेतल्या, पण रंग मनासारखे उतरले नाहीत. १९३७ चा ‘किसान कन्या’, १९५३ चा ‘झांसी की रानी’, १९५५ चा ‘झनक झनक पायल बाजे’ या साऱ्यांना प्रखर दिव्यांचा मारा लागला. शांतारामबापूंचा १९७२ मधील ‘पिंजरा’ मराठीतला पहिला रंगीत चित्रपट म्हणून सांगितला जातो आणि त्याचा विषय तमाशा, म्हणजे रात्रीचीच कला. परंतु पडद्यावर जो तमाशा आपण रंगांत पाहतो, तो चित्रीकरणासाठी उजळलेला तमाशा आहे. कनातीत टांगलेल्या बत्तीखाली नऊवारीचा रंग कसा दिसे, हे ‘पिंजरा’ सांगू शकत नाही. इतिहासाचे साधन म्हणून चित्रपट वापरताना हा भेद ध्यानात ठेवावा लागतो.

आता वऱ्हाडाकडे वळू. या प्रदेशाचे सार्वजनिक जीवन मोठ्या प्रमाणात रात्रीचे आहे. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो, तेथे ते तसे असणारच. श्रावणात अकोल्याची कावडयात्रा गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी घेऊन रात्रभर चालते आणि राजराजेश्वराला जलाभिषेक होतो. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत भुलाबाईची गाणी दिवेलागणीनंतर रंगतात. दंडार रात्रीची, कीर्तन रात्रीचे, भजन रात्रीचे. तुकडोजी महाराजांची खंजिरीही रात्रीच अधिक घुमली.

तेल्हारा तालुक्यातील हिवरखेड घ्या. (अमरावती जिल्ह्यात मोर्शीकडेही याच नावाचे गाव आहे, येथे सातपुड्याच्या पायथ्याचे अकोला जिल्ह्यातील हिवरखेड अभिप्रेत आहे.) अकोला–खंडवा मीटर गेज मार्गावरचे हे स्थानक. येथून पुढे गाडी वान रोड ओलांडून मेळघाटात शिरे आणि धूळघाटाजवळ स्वतःच्याच मार्गावरून वळसा घेत डोंगर चढे. अशा गावचा रंगीत दस्तऐवज शोधू लागलात तर दिवसाची छायाचित्रे मिळतील: शाळेचा वर्ग, पोळ्याचे सजवलेले बैल, घरासमोर उभे कुटुंब. गावाच्या रात्री मात्र एकतर कृष्णधवल किंवा फ्लॅशने पांढऱ्या केलेल्या. १९७० च्या आधीची, स्वतःच्याच उजेडात घेतलेली रंगीत रात्र भारतात कोठेही दुर्मीळच.

पहिली फट पडली १९५९ मध्ये. कोडॅकने १६० वेगाची हाय स्पीड एक्टाक्रोम ही पारदर्शिका फिल्म आणली. गाडगेबाबांना जाऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती. तुकडोजी महाराज त्यानंतर नऊ वर्षे होते, परंतु त्या काळात भारतात परदेशी फिल्म आयात परवान्यांच्या चाळणीतून येई. १९६० साली उटी येथे सरकारी हिंदुस्तान फोटो फिल्म्सची स्थापना झाली. तिच्या ‘इंदू’ नावाच्या कृष्णधवल मालाने स्वदेशी गरज भागवली, रंगाची नाही.

अंधार रंगांत पकडणे त्या काळी किती कठीण होते, याचे नमुनेदार उदाहरण म्हणजे स्टॅन्ली क्युब्रिकचा १९७५ मधील ‘बॅरी लिंडन’. मेणबत्त्यांच्या उजेडातील दृश्ये चित्रित करण्यासाठी त्याने झाइसचे एफ ०.७ चे अतिदुर्मीळ भिंग कॅमेऱ्याला बसवून घेतले आणि १०० वेगाची फिल्म २०० ची मानून धुलाईत ओढून काढली. जगातील सर्वांत साधनसंपन्न दिग्दर्शकांपैकी एकाची ही कथा. आपल्या कीर्तनातील गॅसबत्ती मेणबत्तीहून कितीतरी प्रखर असे. पण क्युब्रिकचे भिंग येथे कोणाकडे होते?

पुढच्याच वर्षी दार उघडले. १९७६ मध्ये फुजीने एफ-२ ४०० ही ४०० वेगाची पहिली रंगीत निगेटिव्ह फिल्म बाजारात आणली आणि १९७७ मध्ये कोडॅकने कोडाकलर ४०० आणून उत्तर दिले. १९८३ मध्ये कोडाकलर व्हीआर १००० आली. तिच्यात स्फटिकांचा आकारच बदलला होता. खड्यांसारख्या गोळीदार स्फटिकांऐवजी पापुद्र्यासारखे चपटे स्फटिक वापरले, जेणेकरून तेवढ्याच चांदीत प्रकाश झेलणारा पृष्ठभाग वाढावा. १९८७ मध्ये कोनिकाने ३२०० वेगाची रंगीत फिल्म काढली. तिचे दाणे ज्वारीच्या पिठासारखे खरखरीत दिसत, परंतु रंग होते! अवघ्या अकरा वर्षांत ४०० पासून ३२०० पर्यंतची ही झेप म्हणजे छायाचित्रणाच्या इतिहासातील एक फारसे गाजावाजा न झालेले पर्व होय.

वेगाबरोबर आणखी एक गाठ सुटावी लागली, ती ट्यूबलाइटची. आपल्या डोळ्यांना पांढरा वाटणारा तो उजेड साध्या रंगीत फिल्मवर हिरवट पडतो. विजेचे मांडव, सभागृहे, रेल्वे स्थानके, दवाखाने यांच्या जुन्या रंगीत छायाचित्रांत माणसे आजारी वाटतात ती यामुळेच. १९८९ मध्ये फुजीने रिआला या फिल्ममध्ये नेहमीच्या तीन रंगसंवेदी थरांना चौथ्याची जोड दिली आणि ही हिरवी झाक बरीच आटोक्यात आणली. पुढे हीच युक्ती तिने वेगवान फिल्ममध्येही वापरली. आपल्याकडे गॅसबत्ती जाऊन ट्यूबलाइट येण्याचा काळ आणि रंगीत फिल्म खेड्यांपर्यंत पोहोचण्याचा काळ जवळजवळ एकच आहे, म्हणून हा तपशील आपल्या दृष्टीने किरकोळ नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. १९८० नंतर जिल्ह्याजिल्ह्यांत कलर लॅब निघाल्या आणि तालुक्याचे रोल तेथे धुण्यास जाऊ लागले, तरी गावच्या फोटोग्राफरच्या हाती बहुधा १०० चा रोल आणि फ्लॅशच असे. त्याचे गणित सरळ होते. वेगवान रोल महाग, दाणे मोठे आणि गिऱ्हाइकाला नवरीचा चेहरा गोरा व स्वच्छ हवा. रात्रीच्या वातावरणाचे कौतुक मासिकांच्या छायाचित्रकाराला, नाटकाच्या प्रयोगात फ्लॅश मारण्यास बंदी असलेल्याला किंवा हौशी माणसाला. म्हणून वेगवान रंगीत फिल्मचे आयुष्य जेमतेम चाळीस वर्षांचे असले, तरी वऱ्हाडातील तिचे खरे आयुष्य त्याहून बरेच तोकडे आहे.

त्यात हवामानही तिच्या विरुद्ध होते. फिल्म जितकी वेगवान तितकी नाजूक. उष्णतेने तिच्यावर धुके चढते, रंगांचा तोल ढळतो. इतकेच नव्हे तर निसर्गातील पार्श्वभूमीचे किरणोत्सर्जनही मोठ्या स्फटिकांवर हळूहळू परिणाम करते, त्यामुळे शीतकपाटात ठेवलेली १६०० ची फिल्मही कायम ताजी राहत नाही. विमानतळावरील क्ष-किरण यंत्रांबाबत ८०० आणि त्यापुढील फिल्मसाठी वेगळी सूचना असे, तीही यामुळेच. वैशाखात अकोल्याच्या दुकानातील कपाटात असा रोल काही आठवडे राहिला तर त्याचे काय होई, याची कल्पना करता येते. दुकानदाराने तो मागवण्याचे टाळले तर त्याला दोष देता येत नाही.

आता अखेरीकडे येऊ. जगभरातील फिल्मची विक्री २००० च्या सुमारास शिखरावर होती आणि तेथून ती कड्यावरून घसरावी तशी घसरली. कोडॅकने जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचे संरक्षण मागितले, फुजीने २०१३ मध्ये चित्रपटांची फिल्म बनवणे थांबवले. या पडझडीत सर्वांत आधी बळी गेले ते वेगवान रंगीत प्रकार. कारण डिजिटलने नेमका त्यांच्याच प्रांतावर हल्ला केला. २००७ मध्ये आलेला निकॉन डी३ हा कॅमेरा ६४०० पर्यंतच्या वेगावर जे रंगीत चित्र देई, ते १६०० च्या फिल्मपेक्षा स्वच्छ होते. मंद गतीच्या फिल्मजवळ निदान रंगांचे सौंदर्य हा युक्तिवाद होता, वेगवान फिल्मजवळ तोही उरला नाही. शिवाय कारखान्यात फिल्मचा थर एकदम प्रचंड मोठ्या पटावर चढवला जातो. मागणी थोडी आणि माल लवकर शिळा होणारा, तेव्हा तो पट विकून संपण्याआधीच मुदत संपते.

मरणातही भेदभाव झाला, असे मला वाटते. २००९ मध्ये कोडाक्रोम बंद झाल्याची बातमी जगभर शोकवार्तेसारखी छापली गेली. कारखान्यातून निघालेला अखेरचा रोल स्टीव्ह मॅककरी यांच्या हाती देण्यात आला, त्यातील काही छायाचित्रे त्यांनी मुंबईत आणि राजस्थानात घेतली. अमेरिकेतील कॅन्सस राज्यातील एका प्रयोगशाळेने ३० डिसेंबर २०१० नंतर कोडाक्रोमचे रोल घेणे थांबवले, तो दिवसही नोंदला गेला. वेगवान फिल्मच्या वाट्याला असे काही आले नाही. ४०० ची प्रोव्हिया पारदर्शिका २०१३ मध्ये संपली. फुजीची नॅचुरा १६०० ही मुख्यतः जपानात विकली जाई. तिच्यासाठी एफ १.९ चे भिंग असलेला खास छोटा कॅमेराही निघाला होता, जो १६०० चा रोल घातल्यावर फ्लॅश आपोआप बंद ठेवी. ही फिल्म बंद होत असल्याचे २०१७ मध्ये जाहीर झाले. चौथा थर असलेली प्रो ४००एच २०२१ मध्ये गेली. दिवसाच्या उन्हातील रंग टिपणारीला कवने मिळाली, रात्रीचे रंग टिपणारीला साधी कंपनीची सूचना.

ज्यांना अजूनही रात्र फिल्मवरच टिपायची आहे त्यांनी कोणते पर्याय शोधले? पहिला जुनाच आहे: ४०० ची फिल्म ८०० किंवा १६०० ची समजून वापरायची आणि लॅबला ती अधिक वेळ धुण्यास सांगायची. रंगीत निगेटिव्ह सुमारे ३८ अंशांच्या रसायनात सव्वातीन मिनिटे राहते. एका पायरीसाठी ती अर्धा मिनिट जास्त ठेवतात. सावल्यांतील तपशील मात्र कोठून येणार? जो प्रकाश पडलाच नाही तो धुलाईने निर्माण होत नाही, केवळ उजळ भाग अधिक भडक होतात. दुसरा पर्याय १९९८ पासून टिकून राहिलेली कोडॅकची पोर्ट्रा ८००. ती उत्तम आहे आणि तिची किंमत पाहून हात आखडतो. तिसरा पर्याय सर्वांत कल्पक. चित्रपटांसाठी बनणाऱ्या, दिव्यांच्या पिवळ्या उजेडाला जुळवलेल्या ५०० वेगाच्या कोडॅक फिल्मच्या पाठीवर काजळीचा काळा थर असे. तो काढून टाकला की ती साध्या लॅबमध्ये धुता येई, आणि सिनेस्टिल ८००टी ही फिल्म नेमकी अशीच तयार झाली. परंतु तो काळा थर प्रकाश परत उसळू नये म्हणून होता. तो गेल्यावर प्रत्येक दिव्याभोवती तांबडे वलय उमटते. आजच्या तरुणांना ते वलय आवडते. इतिहासाच्या दृष्टीने पाहिले तर ते वलय त्या रात्री तेथे नव्हते.

चौथा पर्याय रंगच सोडून देण्याचा. कृष्णधवलमध्ये ३२०० ची इलफर्ड डेल्टा अद्याप मिळते. कृष्णधवल म्हणजे केवळ नाइलाज, असे मात्र समजू नये. मूळचे अकोल्याचे छायाचित्रकार, २०१६ चे पद्मश्री सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांवर केलेले काम कृष्णधवलच आहे, आणि रंग नसल्यामुळे त्यातील घाण व वेदना यांच्यापासून नजर चुकवता येत नाही. पाचवा पर्याय अर्थातच डिजिटल, जो आज तुमच्या खिशात आहे. हिवरखेडवरून धावणारी मीटर गेज गाडी २०१७ च्या प्रारंभी थांबली, तोवर मोबाइल घरोघरी पोहोचले होते. फलाटावरील दिव्यांच्या उजेडात उभा डबा रंगांत टिपणे ज्या काळात अखेर कोणालाही शक्य झाले, त्याच काळात तो डबा गेला. आणि त्या मोबाइलपैकी किती आज चालू असतील?

निगेटिव्ह मात्र असू शकते, म्हणून तिच्याविषयी थोडे. घरात जुना अल्बम असेल तर त्याच्या मागच्या पाकिटात नारिंगी-तपकिरी पट्ट्या शोधा. छापील फोटोंपेक्षा त्या अधिक मोलाच्या आहेत. सत्तर-ऐंशीच्या दशकांतील कागदावरील आकाशी रंगद्रव्य अंधारातही विटते आणि म्हणूनच त्या काळचे फोटो लालसर झालेले दिसतात. पट्टी खिडकीच्या उजेडात धरा आणि कडेला छापलेली अक्षरे वाचा. तेथे फिल्मचे नाव आणि बहुधा वेगही लिहिलेला असतो. नावावरून ती कोणत्या वर्षानंतरची असली पाहिजे हे ठरवता येते, जसे नाण्यावरील राजाच्या नावावरून ठरवतात. १०० असेल आणि दृश्य रात्रीचे असेल तर फ्लॅशची सावली नक्की सापडेल. ४०० किंवा ८०० असेल आणि मागची भिंत, मांडवाचे छत, दूरची माणसे दिसत असतील, तर तुमच्या हातात एका रात्रीचा स्वतःच्या उजेडातला रंग आहे.

अशा पट्ट्या माळ्यावर, टिनाच्या छपराखाली ठेवू नका. वऱ्हाडातील एक मे महिना त्यांना पुरे होतो. बोटांचे ठसे न उमटवता त्या कोरड्या, थंड खोलीतील कागदी पाकिटात ठेवा, शक्य तितक्या लवकर स्कॅन करून घ्या, आणि स्कॅन करणाऱ्याला कडेची अक्षरेही चित्रात घेण्यास आवर्जून सांगा. बहुतेक दुकाने ती कापून टाकतात.